फळ्यांमागच्या वह्या

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डन हॉलमध्ये शिरल्यावर डोळ्यांना प्रथम काही दिसतच नाही, इतके तिथले लाकूड काळवंडलेले आहे. साधारण १४२० साली बांधलेल्या त्या घराच्या भिंतींना आतून लाकडी फळ्या जडवलेल्या आहेत, आणि नोकरीनिमित्त लीड्समध्ये राहत असताना एका पावसाळी शनिवारी मी तिथे गेले, ती खरे सांगायचे तर त्या फळ्या पाहण्यासाठीच. ॲन लिस्टर नावाच्या एका बाईच्या रोजनिशीच्या सव्वीस वह्या त्यांच्यामागे चाळीसेक वर्षे पडून होत्या. कोणाचे लक्ष नाही असे पाहून मी एका फळीवर हळूच टकटक केली. आवाज भरीव आला. फळी बहुधा चुकीची होती.

हे लिहायला निमित्त झाले ते गेल्या महिन्यात एका लग्नात कानांवर पडलेल्या वाक्याचे. पंगतीत समलिंगी विवाहांचा विषय निघाला आणि नात्यातले एक काका, चांगले वाचन असलेले आणि एरवी समंजस, अगदी सहजपणे म्हणाले, “आमच्या वेळी असले काही नव्हते हो.” त्यांच्याशी वाद घालावा असे वाटले नाही, कारण ते खोटे बोलत नव्हते, त्यांच्या डोळ्यांसमोर तसे काही कधी आलेच नव्हते. पण ‘नव्हते’ आणि ‘समोर आले नाही’ यांच्यामध्ये बऱ्याच माणसांचे हात असतात. ते हात कोणाचे होते, ते एका प्रकरणात तारीखवार सांगता येते, म्हणून हे लांबण लावते आहे.

ॲन लिस्टर हिचा जन्म १७९१ सालचा. वडील सैन्यातले कॅप्टन. भाऊ तरुणपणीच बुडून वारल्यामुळे शिब्डनची जमीनजुमल्यासह मालकी १८२६ साली काकांच्या मृत्युपत्राने हिच्याकडे आली. तिने लग्न केले नाही, १८१७ पासून कायम काळे कपडे घातले, कोळशाच्या खाणी चालवल्या, शरीरशास्त्राचे धडे घेतले आणि १८३८ साली पायरेनीज पर्वतातले विन्येमाल हे सुमारे ३,३०० मीटर उंचीचे शिखर सर केले. या सगळ्याबरोबर ती रोज लिहीत होती. किती वाजता उठले, पत्रे कोणाला गेली, मजुरांना काय दिले, उष्णतामापकाचा पारा किती होता, येथपासून ते रात्री शेजारी कोण होते येथपर्यंत सगळे. पहिली नोंद ११ ऑगस्ट १८०६ ची आणि शेवटची बरोबर चौतीस वर्षांनी, ११ ऑगस्ट १८४० ची. एकूण मजकूर पन्नास लाख शब्दांच्या आसपास भरतो आणि त्यातला सुमारे सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत आहे.

ही लिपी तिने शाळेत असताना एलायझा रेन या मैत्रिणीबरोबर वापरायला सुरुवात केली. एलायझाचा जन्म मद्रासचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शल्यचिकित्सक आणि आई भारतीय. वडिलांच्या निधनानंतर ती यॉर्कच्या शाळेत आली आणि तिथल्या पोटमाळ्यावरच्या एका खोलीत या दोघींना एकत्र ठेवण्यात आले. वहीतली अगदी पहिली नोंद ‘एलायझा आमच्याकडून गेली’ अशी आहे. इंग्लंडमधील समलिंगी स्त्रियांच्या इतिहासाचा सर्वांत मोठा दस्तऐवज एका मद्रासच्या मुलीच्या निरोपाने सुरू होतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. एलायझाकडे मी पुन्हा येणार आहे.

लिपीची रचना समजून घ्यायला सोपी आहे, वाचायला मात्र महाकठीण. ग्रीक अक्षरे, आकडे, बीजगणितातली चिन्हे आणि विरामचिन्हे यांची ती खिचडी आहे. इंग्रजी वर्णमालेतल्या ए, ई, आय, ओ, यू या स्वरांना ओळीने २ ते ६ हे आकडे दिलेले आहेत. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. मी लहान असताना आजोबांकडून थोडीफार मोडी शिकले होते, आणि मोडीतही शब्द कुठे संपला हे आधी मनाने ठरवून मग डोळ्याने पाहावे लागते. त्यामुळे संकेतस्थळावर या पानांची छायाचित्रे पहिल्यांदा उघडली तेव्हा ती अडचण तरी ओळखीची वाटली. तरीही अर्ध्या पानाला मला एक रविवार लागला, आणि एवढे करून हाती आले ते काय, तर एका पोशाखाच्या दुरुस्तीचा खर्च. लपवण्यासारखे ते काय होते, असा प्रश्न पडला. पुढे वाचत गेल्यावर कळले की पैशाची ओढाताण आणि जुनेर कपडे यांचीही तिला तितकीच लाज वाटत असे.

ॲनच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी तिच्या वह्या जॉन लिस्टर यांच्या हाती पडल्या. शिब्डनमध्ये राहिलेले त्या घराण्यातले हे शेवटचे वारस. जुन्या कागदपत्रांचे व्यासंगी आणि समाजवादी विचारांचे गृहस्थ. १८८७ ते १८९२ या काळात ते तिच्या वह्यांतले राजकीय आणि सामाजिक उतारे स्थानिक वर्तमानपत्रात छापत होते. सांकेतिक भाग मात्र त्यांना लागत नव्हता. शेवटी आर्थर बरेल हे शिक्षक स्नेही मदतीला आले आणि एका रात्री दोघे वह्या पुढ्यात घेऊन बसले. ‘एच’ आणि ‘ई’ या दोन अक्षरांबद्दल त्यांचा तर्क आधीच झाला होता. मग जुन्या कागदांत त्यांना एक चिटोरे मिळाले, त्यावर लिहिले होते, ‘परमेश्वर हीच माझी’, आणि पुढे चार चिन्हे: ग्रीक थीटा, ५, अधिकचे चिन्ह आणि ३. इंग्रजीत आशा या अर्थाचा ‘होप’ हा शब्द तिथे चपखल बसला. पहिले आणि शेवटचे चिन्ह आधीच्या तर्काशी जुळले, चार अक्षरे पक्की झाली आणि रात्री दोन वाजेपर्यंत उरलेली बहुतेक सारी लिपी सुटली.

त्यानंतर त्यांनी वाचले, आणि जे वाचले त्याने दोघे हादरले. बायकांबरोबरचे ॲनचे संबंध, नावांनिशी, तारखांनिशी आणि शरीराच्या तपशिलांनिशी त्यात होते. बरेल यांनी सव्वीसच्या सव्वीस वह्या जाळून टाकाव्यात असा सल्ला दिला. जॉन लिस्टर यांनी तो मानला नाही. वर्तमानपत्रातली मालिका थांबली, वह्या भिंतीच्या फळ्यांमागे गेल्या आणि १९३३ साली ते वारले तोपर्यंत त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मला या माणसाबद्दल राहून राहून कुतूहल वाटते. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण काळ पाहायला हवा. १८८५ साली इंग्लंडच्या कायद्यात पुरुषांमधल्या कोणत्याही ‘अश्लील वर्तना’ला दोन वर्षांपर्यंत शिक्षा देणारे कलम आले होते आणि १८९५ साली ऑस्कर वाइल्ड याच कलमाखाली तुरुंगात गेला. जॉन स्वतः अविवाहित होते, सार्वजनिक जीवनात होते, १८९३ साली हॅलिफॅक्सची पोटनिवडणूक लढले होते. अशा माणसाच्या घरात अशी वस्तू सापडली तर घराण्याबरोबर त्याच्याकडेही बोट दाखवले जाणार. जाळणे हा शहाणपणाचा मार्ग होता. त्यांनी वस्तू नष्टही केली नाही आणि दाखवलीही नाही, आणि मला वाटते, जुन्या कागदांवर जीव असलेल्या माणसाला यापेक्षा अधिक किंवा कमी काही जमले नसते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या समलिंगी संबंधांविरुद्ध कायदा कधीच नव्हता. १९२१ साली तसा प्रस्ताव आला, तेव्हा उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळला, आणि त्यामागचा युक्तिवाद उदारपणाचा नव्हता: असे काही असते हे कायद्यात लिहिले तर ज्या बायकांनी ते कधी ऐकलेही नाही त्यांना ते कळेल. पुरुषांच्या वाट्याला मात्र १८६१ पर्यंत फाशी होती. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोन गरीब माणसांना २७ नोव्हेंबर १८३५ रोजी लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर फासावर चढवण्यात आले. भाड्याच्या खोलीत ते एकत्र होते आणि घरमालकाने दाराच्या कुलपाच्या भोकातून पाहिले, एवढाच पुरावा. या कायद्याने मरण पावलेले हे इंग्लंडमधले शेवटचे दोघे. त्यांची नावे आपल्यापर्यंत आली, ती केवळ खटल्याच्या कागदांमुळे. भारतातही १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द करेपर्यंत, अशा पुरुषांची नोंद झाली ती प्रामुख्याने पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या भाषेत. म्हणजे पुरुषांचा इतिहास भोकातून पाहणाऱ्याने लिहिला आणि बायकांचा कोणी लिहिलाच नाही. ॲनने स्वतः लिहिला, आणि जमीन, पैसा व एकांताची खोली असल्यामुळे तिला तो लिहिता आला.

जॉन लिस्टर यांच्या निधनानंतर शिब्डन नगरपालिकेकडे आले, तिथे संग्रहालय झाले आणि वह्या गावच्या ग्रंथालयात गेल्या. आता लपवण्याचे काम एका घाबरलेल्या माणसाकडून संस्थेकडे आले, आणि संस्था हे काम किती सभ्यपणे करते ते पाहण्यासारखे आहे. ग्रंथपालांची मुलगी म्यूरिएल ग्रीन तिथे ॲनच्या पत्रांवर काम करत होती. १९३६ साली ग्रंथपालांनी वृद्ध बरेल यांच्याकडून लिपीची किल्ली मागवून घेतली. त्या रात्रीची हकीकत आपल्याला कळते ती बरेल यांच्या याच वेळच्या पत्रामुळे. किल्ली आली आणि कुलपात गेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फिलिस रॅम्सडेन आणि व्हिव्हियन इंगहॅम या दोन अभ्यासक स्त्रियांना वह्या वाचण्याची परवानगी मिळाली, तीही अनुचित मजकूर बाहेर जाऊ नये या अटीवर. त्यांनी वर्षानुवर्षे बसून वाचले. प्रवासांबद्दल आणि विन्येमालच्या चढाईबद्दल लिहिले गेले. सांकेतिक भाग कंटाळवाणा असून इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, असा शेरा मारून तो बाजूला ठेवला गेला. डोंगर छापण्याजोगा होता, तो चढणाऱ्या बाईचे मन मात्र नव्हते.

त्या दोघींवर मला रागावता येत नाही. नोकरीत असताना मीही सरकारी कागद चाळले आहेत आणि ‘विषयाशी संबंध नाही’ हा शेरा किती सहज हातून उतरतो ते मला ठाऊक आहे. त्या शेऱ्याने काहीच जळत नाही, फाटत नाही. फक्त पुढच्या वाचकाचा हात त्या गठ्ठ्यापर्यंत जात नाही.

१९८३ साली हॅलिफॅक्सच्याच हेलेना व्हिटब्रेड, पन्नाशीच्या, उशिरा पदवी घेतलेल्या बाई, एखादा स्थानिक विषय मिळतो का पाहावे म्हणून ग्रंथालयात गेल्या. त्यांना ॲनची फारशी माहिती नव्हती. आठवड्याला पन्नास पानांच्या छायाप्रती घरी न्यायच्या, लिपीची किल्ली समोर ठेवून उलगडायच्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा पन्नास, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९८८ साली त्यांनी निवडक उतारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा हे बनावट असावे अशी शंका काही जणांनी घेतली. एकोणिसाव्या शतकातली बाई इतके उघड लिहीलच कशी, असा त्यांचा सूर होता. २०११ साली याच वह्यांना युनेस्कोच्या ब्रिटनमधील जागतिक स्मृती नोंदणीत स्थान मिळाले.

आता गंमत अशी, की ज्या गोष्टीचा उलगडा व्हायला अभ्यासकांना दीडशे वर्षे लागली, ती ॲनच्या शेजाऱ्यांना चांगलीच ठाऊक होती. रस्त्याने जाताना लोक आपल्याला पुरुषासारखी म्हणतात, हे तिने १८१८ सालीच नोंदवले आहे. १८३४ च्या उत्तरार्धात शेजारच्या लाइटक्लिफची श्रीमंत वारसदार ॲन वॉकर शिब्डनला राहायला आली. लगेच जानेवारी १८३५ मध्ये निवडणूक झाली. ॲनच्या पक्षाचा उमेदवार फक्त एका मताने निवडून आला आणि गावात दंगल उसळली. त्याच सुमारास लीड्सच्या वर्तमानपत्रात विवाहाच्या नोंदींमध्ये एक खोटी नोंद छापून आली: शिब्डन हॉलचे कॅप्टन टॉम लिस्टर यांचा विवाह मिस ॲन वॉकर यांच्याशी झाला. हे कोणी का केले असेल ते सांगायला नको. पण टिंगल करायची तर वाचणाऱ्याला आधी ती कळावी लागते. ज्याने ही नोंद धाडली त्याला खात्री होती, की हॅलिफॅक्सचा माणूस ती वाचून बरोबर जागी हसेल. काकांच्या ‘नव्हते हो’ला माझ्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

त्या दोघींच्या दृष्टीने मात्र ती टिंगल नव्हती. विवाह खरोखरच झालेला होता. फेब्रुवारी १८३४ मधली एक नोंद मला फार आवडते. गाडीतून जाताना ॲनने स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी वॉकरला दिली आणि ती परत आपल्या बोटात घालायला सांगितली, सोबत अंगठीची किंमत म्हणून सहा पेन्स दिले. वॉकरने ती ताबडतोब परत दिली नाही. लँग्टन गाव लागेपर्यंत ती स्वतःच्या बोटात ठेवली आणि मग ॲनच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात घातली. गाव येईपर्यंतची ती वाट पाहणे कोणत्याही खटल्याच्या कागदात आले नसते. पुढे ३० मार्चला, ईस्टरच्या रविवारी, यॉर्कमधल्या गुडरमगेटच्या चर्चमध्ये दोघींनी एकत्र प्रसाद घेतला. तो एवढाच विधी. धर्मगुरूला त्याचा अर्थ कळण्याचे कारण नव्हते. नंतर दोघींनी मृत्युपत्रे बदलून एकमेकींना मिळकतीत हयातभराचा हक्क दिला आणि ॲनने त्यात अट घातली, की वॉकरने लग्न केले तर तो हक्क संपेल. आपल्या वकिलाला हे कलम लिहून घ्यायला सांगताना तिचा चेहरा कसा असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

लिपी सुटली म्हणजे मजकूर सुटला, असे मात्र नाही. सांकेतिक चिन्हांखाली पुन्हा सांकेतिक शब्द आहेत. ‘चुंबन’ असे जिथे लिहिले आहे तिथे चुंबन अभिप्रेत नसून शरीरसुख आहे. सुरुवातीच्या वाचकांनी तो शब्द सरळ घेतला असता तर साऱ्या वह्या सोज्वळ मैत्रीच्या ठरल्या असत्या. ‘आतेबहीण आली’ म्हणजे पाळी आली; हा संकेत ॲन आणि मारियाना बेलकोम या दोघींचा. मराठीत आपण ‘कावळा शिवला’ म्हणत असू, तसाच प्रकार. या मारियानाने १८१६ साली पैशासाठी एका श्रीमंत जमीनदाराशी लग्न केले आणि ते दुःख ॲनला पुढची कित्येक वर्षे पुरले.

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. इतिहासात आपल्यासारखे कोणी होते का, हा शोध आज आपण घेतो तसा ॲन स्वतः घेत होती. तिने लॅटिन आणि ग्रीक शिकून जुवेनल आणि मार्शल या रोमन कवींच्या कवितांतले, सभ्य भाषांतरांत गाळलेले भाग मुळातून वाचले, स्त्रियांवरच्या प्रेमाची गाणी लिहिणाऱ्या सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीबद्दल कोशांत शोधले. १८२३ साली मिस पिकफर्ड नावाची एक विदुषी भेटली, तेव्हा तिने जुवेनलचे सहावे उपहासकाव्य वाचले आहे हे कळताच ॲनने ताडले, की या बाईला ‘त्या गोष्टी’ समजतात. अभिजात ग्रंथाचा एक क्रमांक उच्चारायचा आणि समोरचीच्या पापण्या लवतात का ते पाहायचे. असे काही आजवर कोणी नव्हते, असे तिलाही कोणी तरी सांगितले असणारच.

म्हणून २०१८ साली यॉर्कच्या त्या चर्चच्या भिंतीवर फलक लागला तेव्हा जो वाद झाला तो मला क्षुल्लक वाटला नाही. पहिल्या फलकावर तिचे वर्णन ‘लिंगभावाच्या रूढ चौकटीत न बसणारी उद्योजिका’ अशा अर्थाचे होते. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि २०१९ च्या फेब्रुवारीत नवा फलक आला. त्यावर ‘लेस्बियन आणि दैनंदिनीकार’ असे शब्द आहेत. आजचा शब्द तेव्हाच्या माणसाला लावावा का, हा प्रश्न खरा आहे, आणि तिच्या पोशाखात व चालण्याबोलण्यात आज कोणाला स्वतःचे वेगळे प्रतिबिंब दिसत असेल तर ते नाकारणारी मी कोण. पण २९ जानेवारी १८२१ च्या नोंदीत तिने लिहिले आहे, की एका पुरुषाने लिहिलेल्या निरोपाच्या कविता तिने जाळून टाकल्या, कारण कोणा पुरुषाच्या कौतुकाचा माग मागे राहू नये. पुढे ती म्हणते, आपण प्रेम करतो ते केवळ स्त्रियांवर, आणि दुसऱ्या कोणत्याही प्रेमाला आपले मन राजी नाही. इतके स्वच्छ सांगून ठेवलेल्या बाईला ‘उद्योजिका’ म्हणणे, म्हणजे फळ्यांना नवे रंगकाम करणे झाले.

अर्थात ती कोणाची कुलदेवता नव्हे. कट्टर सनातनी पक्षाची जमीनदारीण होती ती. मतदानाच्या सुधारणांच्या विरुद्ध होती, आणि सांगितल्याप्रमाणे मत न देणाऱ्या कुळांना घरे खाली करायला लावण्यात तिला काही वावगे वाटत नसे. वॉकरकडे ती वळली त्यात प्रेमाइतकाच वॉकरच्या पैशाचा हिशेब होता आणि तोही तिने वहीत लपवलेला नाही. एलायझा रेनचे काय झाले, हे वाचताना तर माझा या बाईवरचा जीव बराच उडाला. सोळा-सतरा वर्षांच्या असताना आयुष्यभर एकत्र राहण्याची स्वप्ने दोघींनी पाहिली होती. ॲनचे मन दुसरीकडे गेले. १८१४ साली एलायझाला यॉर्कमधल्या मनोरुग्णालयात ठेवले गेले आणि १८६० साली मरेपर्यंत तिने वेडी ठरवलेली बाई म्हणूनच दिवस काढले. ते रुग्णालय मारियानाच्या वडिलांच्या देखरेखीखाली होते. एलायझाची स्वतःची १८०९-१० सालची छोटी वहीही टिकून आहे, आणि तिच्यातही तीच लिपी आहे. लिपी दोघींची होती, पण आज ती ओळखली जाते ती एकीच्याच नावाने.

ॲन २२ सप्टेंबर १८४० रोजी जॉर्जियातल्या कुताइसी इथे तापाने वारली. रशिया आणि कॉकेशसच्या प्रवासात वॉकर तिच्याबरोबर होती. एकटी, परक्या मुलखात, तिने ॲनचा देह घेऊन परतीचा प्रवास केला आणि हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये दफन झाले ते २९ एप्रिल १८४१ रोजी, सात महिन्यांनी. मृत्युपत्राप्रमाणे ती शिब्डनमध्ये राहू लागली. १८४३ साली वकील आणि कॉन्स्टेबल आले, तिने आतून बंद केलेल्या खोलीचे दार उघडण्यात आले, आत विखुरलेले कागद, भरलेली पिस्तुले आणि रक्ताचे डाग पडलेले रुमाल मिळाले. तिलाही वेडी ठरवून नेण्यात आले. १८५४ साली ती गेली. गाडीत अंगठी घालून बसलेल्या या बाईला पुढची दीडशे वर्षे आपण फक्त ॲनच्या डोळ्यांनी पाहत होतो: भित्री, रडवी, आजारी.

मग २०२० साली हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारातल्या एका वहीकडे एका अभ्यासक बाईंचे लक्ष गेले. ती सूचीत ॲनच्या प्रवासाची टिपणे म्हणून नोंदवलेली होती. अक्षर ॲनचे नव्हते. ती वॉकरची दैनंदिनी निघाली, जून १८३४ ते फेब्रुवारी १८३५ या काळातली, म्हणजे नेमकी दोघींनी संसार मांडला तेव्हाची. ती ना फळ्यांमागे होती, ना सांकेतिक लिपीत होती. इतकी वर्षे ती कपाटातच होती, सूचीतल्या एका चुकीच्या नावाखाली.

हे वाचले त्या रात्री मला आमच्या माई आठवल्या. माई म्हणजे वडिलांच्या आत्या. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केले नाही, आणि त्याच शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंबरोबर चौतीस वर्षे एका भाड्याच्या घरात राहिल्या. आम्ही मुले त्या दुसऱ्यांना नुसतेच ‘बाई’ म्हणत असू. त्या दोघींबद्दल मी कोणताही दावा करणार नाही. दोघी गेल्यावर माझ्या थोरल्या काकांनी घर रिकामे केले, आणि पत्रांनी भरलेली पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्याने किलोच्या भावाने नेली. माझ्याकडे राहिली ती एक हिशेबाची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, कव्हरवर माईंचे नाव असलेली. मी तिला कायम माईंचीच वही समजत आले.

ती पुन्हा काढून पाहिली. एका पानावरचे अक्षर टपोरे आहे आणि ‘ल’ जुन्या वळणाचा आहे. पुढच्या पानावर अक्षर बारीक, उजवीकडे कललेले, आकड्यांखाली दोन रेघा मारलेल्या. एक आठवडा एकीचा, एक आठवडा दुसरीचा, असे शेवटपर्यंत. दूध, रॉकेल, पोस्टकार्डे, शिलाई. एका दिवाळीच्या महिन्यात बारीक अक्षरात ‘पातळ, २ नग’ असे लिहिले आहे, आणि त्याच ओळीच्या शेवटी टपोऱ्या अक्षरात, ‘हिचे जरा महाग पडले’.